अल्ट्रालाइटच्या कंट्रोल केबल तपासताना

मराठवाड्यातल्या आमच्या धावपट्टीवरील दोन आसनी अल्ट्रालाइटची, म्हणजे अगदी हलक्या छोट्या विमानाची, वार्षिक तपासणी या उन्हाळ्यात मी सरांच्या देखरेखीखाली पूर्ण केली. त्यातला सर्वाधिक वेळ रडर (शेपटीचा डावी-उजवीकडे वळणारा उभा भाग) आणि एलिव्हेटर (शेपटीचा वर-खाली होणारा आडवा भाग) यांच्या केबलींना दिला, आणि तो द्यायलाच हवा, कारण वैमानिकाच्या हातापायांचा जोर शेपटीपर्यंत पोहोचवणारे दुसरे काहीही या विमानात नाही.

केबल जागच्या जागी पाहून भागत नाही. तारा बहुधा पुलीवर किंवा फेअरलीडमध्ये (केबलीला वाट दाखवणाऱ्या कड्यात) तुटतात, आणि स्टिक (वैमानिकाच्या हातातला दांडा) मध्यावर असताना नेमका तोच भाग दडलेला असतो. म्हणून एकाने स्टिक व पेडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायचे आणि दुसऱ्याने उघडा पडणारा भाग तपासायचा, असे आम्ही केले. मी हात पुढे करताच सर म्हणाले, "बोटं नकोत, आधी फडकं घ्या." सीटखालच्या पुलीपाशी त्या सुती फडक्याचा धागा अडकला. भिंगातून पाहिले, तर केसाएवढे एक टोक वर आलेले होते.

मग टर्नबकल (केबलीचा ताण कमी-जास्त करणारा आट्यांचा जोड) सैल करून ती केबल पुलीवरून उतरवली आणि हलकेच वळवली, तेव्हा ताणात मिटून बसलेली आणखी टोके उघडी पडली. सात पेड आणि प्रत्येक पेडात १९, अशा १३३ तारांच्या या केबलीच्या बाहेरच्या तारा इतक्या चपट्या झाल्या होत्या की त्यांच्यातल्या सीमारेषा पुसल्या गेल्या होत्या. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या १९९८ च्या ४३.१३-१बी या मार्गदर्शिकेनुसार हे ४० ते ५० टक्के झिजेचे लक्षण असून अशी केबल बदलायची असते.

खरे कारण पुलीत होते. काळ्या मातीची धूळ जुन्या ग्रीसमध्ये बसून पुली जाम झाली होती, त्यामुळे केबल तिच्यावर घासत राहिली. पुलीही बदलली, नाहीतर नवी केबलही तशीच झिजली असती.

ताण आम्ही सकाळी सावलीत, उत्पादकाच्या तक्त्यातील तापमान पाहून बसवला. ॲल्युमिनियमचा सांगाडा पोलादी केबलीच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, म्हणून मे महिन्याच्या दुपारी तक्ता न पाहता बसवलेला ताण हिवाळ्याच्या पहाटे सैल पडतो. शेवटी टर्नबकलबाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसत नाहीत याची खात्री करून टर्नबकल आपोआप फिरून सैल होऊ नये म्हणून सेफ्टी वायर बांधली, आणि उजवे पेडल दाबल्यावर रडर उजवीकडेच वळते, हे सरांनी स्वतः शेपटीमागे उभे राहून पाहिल्यावर लॉगबुकात नोंद केली.