माले: शुक्रवारी पोचू नका

चूक सर्वस्वी माझी आहे हे आधीच सांगते, म्हणजे नवऱ्याला कमेंटमध्ये येऊन सांगायची गरज पडणार नाही. तिकिटं मी काढली, गुरुवारी रात्रीचं फ्लाइट मी निवडलं कारण ते स्वस्त होतं, आणि मालदीवमध्ये शुक्रवारी बाहेरच्या बेटांना जाणाऱ्या स्वस्त सरकारी फेरीबोटी बहुतेक सुटतच नाहीत हे मी कधी वाचलं, तर एअरपोर्टवरून टॅक्सीत बसल्यावर. आमचं खरं बुकिंग माफुशी बेटावर होतं. स्पीडबोट होती, पण तिचा रेट डॉलरमध्ये ऐकून आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ठरवलं, राहू दे, मालेतच, म्हणजे राजधानीतच, दोन रात्री काढू. लोक मालदीवला जातात आणि माले फक्त विमानाच्या खिडकीतून बघतात, आम्ही निदान खाली उतरून बघू.

एअरपोर्ट वेगळ्या बेटावर आहे, हुलहुले. तिथून मालेला यायला आधी बोटच लागायची, २०१८ ला चीनच्या पैशातून समुद्रावर पूल झाला. पुलावरून शहर पहिल्यांदा दिसतं ते बेट वाटतच नाही, कोणीतरी पाण्यात ट्रे ठेवून त्यावर काड्यापेट्या उभ्या रचल्यात असं वाटतं. दहा-बारा मजली इमारती, एकीला एक चिकटून, आणि जिथे इमारती संपतात तिथेच पाणी सुरू, मध्ये काही नाही. मूळ बेट साधारण २ चौरस किलोमीटर, तेही भराव टाकून टाकून वाढवलेलं. २०२२ च्या जनगणनेत अख्ख्या देशाची लोकसंख्या ५ लाख १५ हजारांच्या आसपास होती आणि त्यातले २ लाखांहून जास्त माले शहरात, म्हणजे माले, शेजारचं विलिमाले आणि भराव घालून नव्याने केलेलं हुलहुमाले धरून.

आम्ही डोंबिवलीचे, त्यामुळे गर्दीचं कौतुक आम्हाला कोणी सांगायचं नाही. पण गेस्टहाऊसच्या खोलीची खिडकी उघडली तर समोरच्या बिल्डिंगची भिंत इतकी जवळ की हात लावून बघितला, लागला. नवरा म्हणाला, "सी व्ह्यू."

शुक्रवारी सकाळी खाली उतरलो तर सगळं बंद. म्हणजे खरंच सगळं. शटर खाली, रस्ते रिकामे, फक्त मोटरसायकली एकीला एक खेटून लावलेल्या, इतक्या की फुटपाथ असेल तर तो त्यांच्याखाली असावा. दुपारची नमाज होईपर्यंत शहर उठत नाही. मला त्या शांततेत काहीतरी चुकतंय असं वाटत होतं आणि काय ते कळायला अर्धा तास लागला. कुत्री नाहीत. एक पण नाही. मालदीवमध्ये कुत्रा पाळायला आणि आणायला बंदीच आहे. डोंबिवलीत रात्री स्टेशनवरून घरी येताना जीव मुठीत धरून चालणाऱ्या माझ्यासारखीला हे एवढंच कारण इथे शिफ्ट व्हायला पुरेसं होतं. मांजरं मात्र भरपूर, आणि चांगली गुबगुबीत, त्याचं कारण संध्याकाळी मासळी बाजारात कळलं.

बंद गावात काय करणार, बेटाला फेरी मारायची ठरवली. कडेने रस्ता आहे, बोडुथकुरुफानु मागु. हे नाव मला तिसऱ्या दिवशी न अडखळता म्हणता आलं. मागु म्हणजे रस्ता, आपला मार्गच तो. दिवेही भाषा आपल्याच आर्य भाषांच्या घरातली, सिंहलीची सख्खी बहीण, त्यामुळे लिपी उजवीकडून डावीकडे आणि बघायला पूर्ण अनोळखी असली तरी कानाला मध्येच ओळखीचं काहीतरी लागून जातं. गेस्टहाऊसच्या रिसेप्शनवरच्या मुलाने (हिंदी अस्खलित, सगळी पिक्चर बघून शिकलेला, आईच्या ऑपरेशनसाठी त्रिवेंद्रमला राहून आलेला) आम्हाला आकडे म्हणून दाखवले: एकेह, देह, तिनेह. चारला हतरेह म्हणतात, सातला हतेह. स चा ह होतो, अगदी सुरतचे गुजराती बोलतात तसा. प चा फ होतो, म्हणून पाच फहेह आणि पाणी म्हणजे फेन. दूध म्हणजे किरु, ते क्षीर, म्हणजे आपली खीर. आणि चहाला म्हणतात साई. किरु साई मागवली की दुधाचा चहा येतो, आणि नवऱ्याने दोन दिवस दर वेळी "साईराम" म्हणून तो मागवला, मी दर वेळी दुसरीकडे बघितलं.

पश्चिमेच्या बाजूने चालत दक्षिणेला आलो तर समोर टेट्रापॉड. मरीन ड्राइव्हला आहेत तेच, ते सिमेंटचे चार तंगड्यांचे अगडबंब ठोकळे, एकात एक अडकवून ठेवलेले. १९८७ मध्ये मोठमोठ्या लाटा शहरात घुसल्या होत्या, त्यानंतर जपानच्या मदतीने मालेभोवती हे कुंपण घातलं, काम वर्षानुवर्षं चाललं. २००४ च्या त्सुनामीत पाणी शिरलं तरी शहर वाचलं त्याचं बरंच श्रेय या ठोकळ्यांना देतात. मरीन ड्राइव्हला आपण त्यावर पाय सोडून कणीस खातो आणि पाठीमागे अख्खी मुंबई असते, मुंबईमागे ठाणं, घाट, देश. इथे पाठीमागे पंधरा-वीस मिनिटं चाललं की परत टेट्रापॉड. मला उगाच जरा धडधडलं.

आणि पाणी म्हणाल तर चारही बाजूंनी आणि प्यायला थेंब नाही. नळाला येतं ते समुद्राचं पाणी गोडं करून. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्लांटला आग लागली आणि राजधानीचे नळ कोरडे पडले, तेव्हा आपल्या नौदलाची जहाजं आणि हवाई दलाची विमानं पाणी घेऊन आली होती. बिसलेरी मागवावी तसं विमानाने पाणी! आमच्याकडे टँकर येतो तेव्हा सोसायटीत भांडणं होतात, इथे टँकरला पंख. रिसेप्शनवरच्या मुलाला ते दिवस पक्के आठवत होते, शाळेतून येऊन बाटल्या घेऊन लायनीत उभा राहायचा म्हणे.

दुपारनंतर गाव जागं झालं आणि मग काय, सगळ्या मोटरसायकली एकदम सुटल्या. रस्ता ओलांडायची पद्धत आपलीच, हात दाखवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. आम्ही एका होटामध्ये शिरलो. होटा म्हणजे चहाचं हॉटेल, आपण मराठीत टपरीला पण हॉटेल म्हणतो ना तसंच. टेबलावर न मागता छोट्या छोट्या बशा येतात, खाल त्याचेच पैसे. त्यात बजिया नावाचा पदार्थ होता, म्हणजे समोसाच पण आत मासा, गुल्हा म्हणजे माशाचं सारण भरलेले तळलेले गोळे, आणि मास हुनि. मास म्हणजे मासा, हुनि म्हणजे खवलेला नारळ. कुस्करलेला टुना, ओलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, लिंबू, सगळं हाताने चुरडलेलं, सोबत रोशी म्हणजे आपली पातळ रोटी. पहिला घास घेतला आणि मला माझी मालवणची आत्या आठवली, ही तर किसमूर! सुक्या बांगड्याऐवजी टुना, एवढाच फरक. त्या क्षणापासून शुक्रवार वाया गेला असं मी एकदाही म्हणाले नाही.

मासळी बाजार उत्तरेच्या धक्क्यावर आहे, तीन-चारनंतर जा, तेव्हा बोटी येतात. मोठ्ठा हॉल, पांढऱ्या टाइल्स, जमिनीवर ओळीने टुना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, आणि इथे तो गळाने एकेक करून पकडतात. मला जे खटकलं ते म्हणजे सगळे पुरुष. मासे आणणारे, विकणारे, कापणारे, बरेचसे घेणारे पण. कोळीण नाही, आवाज नाही, "ओ ताई, घे की" नाही, घासाघीस नाही. कापणाऱ्याकडे आपण मासा द्यायचा. आमच्यासमोर एकाने हातभर लांबीचा टुना घेतला, डोकं एका घावात, मग पाठीवरून एक चीर, पोटाकडून एक, साल टराटरा ओढून काढली, काटा अख्खा बाजूला आणि चार लांब गुळगुळीत लालभडक तुकडे पिशवीत. मी मनात आकडे मोजत होते, चाळिसाच्या आत. खाली मांजर बसलेलं, त्याच्याकडे न बघताच त्याने एक तुकडा टाकला आणि मांजराने पण वर न बघता उचलला, रोजचा व्यवहार.

शनिवारी सकाळी जुनी जुम्मा मशीद, हुकुरु मिस्की. १६५८ मध्ये पुरी झालेली, प्रवाळाच्या दगडाची, चुना-बिना न वापरता दगड एकमेकांत बसवलेले आणि त्यावर इतकं बारीक कोरीव काम की लाकूडच वाटतं. आत जायला परवानगी लागते, आम्ही बाहेरूनच बघितली. गंमत अशी की इमारतीचं तोंड मक्केकडे नाहीच, सरळ पश्चिमेला आहे, आधीच्या मंदिराच्या पायावर बांधल्यामुळे असं सांगतात, त्यामुळे आत नमाज पढणारे भिंतीला समांतर न बसता कोपऱ्याकडे तिरके बसतात. हा देश ११५३ मध्ये मुसलमान झाला, त्याआधी बौद्ध होता. भोवती कबरी, टोकदार दगड पुरुषाचा, गोल दगड बाईचा. म्युझियम बंद मिळालं, शुक्र-शनि वीकेंड.

एका दुकानात कवड्यांची माळ टांगलेली होती आणि मी थबकले, कारण कवड्यांची माळ म्हटलं की मला आई भवानीच दिसते. एकेकाळी इथून बंगालला जहाजं भरून कवड्या जायच्या आणि बदल्यात तांदूळ यायचा, इथे पिकत काय होतं, नारळ आणि मासे. कवडीमोल हा शब्द आपण किती सहज वापरतो, इथे कवडी म्हणजे भात होता. किंमत विचारली, डॉलरमध्ये सांगितली, कवडीमोल नव्हती.

दुपारी एकदाची फेरी मिळाली. बाहेरच्या बेटांना लागणारं जवळपास सगळं मालेहूनच जातं त्यामुळे बोटीत माणसं कमी आणि सामान जास्त: गादी, दोन पंखे, अंड्यांचे ट्रे, एक बाळाचा पाळणा आणि जाळीच्या गोण्यांतले कांदे. नवऱ्याने एका गोणीला नाक लावलं आणि जाहीर केलं, "लासलगाव." गोणीवर काही लिहिलेलं नव्हतं. शेजारचे आजोबा हसले, थोडे सरकले आणि त्याच गोणीवर त्यांनी मला पाय ठेवायला जागा करून दिली.