पक्षीनोंदी, पाऊस आणि फोटो एका क्वेरीत: सर्व्हर डेफिनिशनचा टप्पा

सध्याची मांडणी अशी. पक्षीनोंदींचा डेटाबेस मुख्य मशीनवर, पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या १७ व्या आवृत्तीत. गच्चीवरचं हवामान केंद्र दर मिनिटाला तापमान, आर्द्रता आणि पाऊस रास्पबेरी पाय (पुढे नुसता 'पाय') या चिमुकल्या संगणकावर टाकतं. तिथे डेबियन १२ बरोबर येणारं पोस्टग्रेस १५. फोटोंचा कॅटलॉग डिजिकॅम या फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या एसक्यूलाइट फाइलमध्ये, म्हणजे एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये. सगळा डेटा जिथल्या तिथे ठेवून 'पहिला जोरदार पाऊस झाला त्या आठवड्यात चातक कुठे दिसला आणि त्याचा फोटो आहे का' हे एकाच क्वेरीत विचारायचं, एवढाच हा उद्योग. रोज रात्री सगळं कॉपी करून एका जागी आणणं सोपं पडलं असतं हे मान्य. पण मग छंद कसला?

पायसाठीची सर्व्हर डेफिनिशन, म्हणजे पलीकडचा डेटाबेस कुठे आहे याची नोंद, जेमतेम तीन ओळींची आहे: क्रिएट सर्व्हर, पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू हा रॅपर (बाहेरचा डेटा इकडे दाखवणारा जोड), आणि ऑप्शन्समध्ये होस्ट, पोर्ट, डीबीनेम. युजर आणि पासवर्ड इथे घातले तर कमांडच नाकारली जाते. त्यांची जागा युजर मॅपिंगमध्ये, म्हणजे इकडचा युजर तिकडे कोण हे नोंदवतात तिथे. ऑप्शनचं नाव चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. होस्टचा पत्ता चुकला तर मात्र चकार शब्द निघत नाही, कारण क्रिएट सर्व्हर कनेक्शन जोडून बघतच नाही. पहिली क्वेरी टाकली की बिंग फुटतं. म्हणून डेफिनिशन झाली की लगेच एखाद्या छोट्या फॉरेन टेबलवर (नाव इकडे, डेटा पलीकडे असं टेबल) काउंट चालवून घ्यायचा.

पत्ता पुढे बदलला तर ऑल्टर सर्व्हर. त्यात 'सेट होस्ट' असं लिहावं लागतं. नुसतं 'होस्ट' लिहिलं की पोस्टग्रेस त्याला 'अ‍ॅड' समजतं आणि हा ऑप्शन आधीच दिलेला आहे म्हणून अडून बसतं. पायला राउटरवर पक्का पत्ता देऊन टाकला की ही कटकटच संपते.

जुनी मशीनं पोसणाऱ्यांसाठी एक गोष्ट. क्रिएट सर्व्हरची कमांड २००९ च्या ८.४ मध्ये आली, पण तेव्हा तिच्या मागे वाचायला टेबलंच नव्हती. फॉरेन टेबल २०११ च्या ९.१ मध्ये आलं, तेही फक्त वाचण्यापुरतं. पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू आणि लिहिण्याची सोय २०१३ च्या ९.३ मध्ये. समोरचं टोक मात्र ८.३ इतकं जुनं असलं तरी चालतं, त्यामुळे माझ्याकडचा १७ आणि १५ चा जोड किरकोळच.

खरा वेळ खाल्ला तो दिवसाच्या पावसाने. रोजचा एकूण पाऊस हवा, म्हणून वेळेच्या कॉलमवर डेट ट्रंक (वेळ दिवसापर्यंत छाटणारं फंक्शन) लावून ग्रुप बाय केलं, की उत्तर बरोबर येतं पण रखडत. एक्स्प्लेन व्हर्बोज (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) लावून 'रिमोट एसक्यूएल' ही ओळ बघा. तिथे बेरीज नाही, ग्रुप बाय नाही. नुसतं वेळ आणि पाऊस हे दोन कॉलम सिलेक्ट. म्हणजे वर्षाच्या ५,२५,६०० ओळी वाय-फायवरून इकडे येतात आणि बेरीज मुख्य मशीन करतं. कारण असं: कॉलम टाइमझोनसकट असला की डेट ट्रंकचं उत्तर सेशनच्या टाइमझोनवर ठरतं, आणि ज्याचं उत्तर असं सेटिंगवर हलतं ते फंक्शन पोस्टग्रेस एफडीडब्ल्यू पलीकडे पाठवत नाही. ते शहाणपणाचंच आहे, कारण पलीकडे उघडणाऱ्या सेशनचा टाइमझोन हा रॅपर यूटीसी करून ठेवतो. तसंच पाठवलं असतं तर आपला दिवस पहाटे साडेपाचला बदलला असता.

उपाय क्वेरीतच आहे. वेळेला 'अ‍ॅट टाइम झोन इंटरव्हल ०५:३०' लावून आधी साधा टाइमस्टँप करायचा आणि मग त्याची तारीख काढायची. हे सगळं सेटिंगवर अवलंबून नाही, त्यामुळे आख्खं पलीकडे जातं. आता रिमोट एसक्यूएलमध्ये सम आणि ग्रुप बाय दोन्ही दिसतात आणि वर्षाला ३६५ ओळी येतात. त्यातही भारतीय हवामान विभाग पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ धरतो. म्हणून तारीख काढण्याआधी साडेआठ तास वजा आणि नंतर एक दिवस अधिक, म्हणजे आपले आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. ही वजाबाकीही बिनतक्रार पलीकडे जाते.

पायवरच रोजच्या पावसाचा व्ह्यू करून त्यावर फॉरेन टेबल टाकणं हा दुसरा मार्ग. करा, पण व्ह्यूमध्ये टाइमझोन स्पष्ट लिहा. नाहीतर तोच व्ह्यू पायवर बसून बघितला तर एक आकडा आणि फॉरेन टेबलातून बघितला तर दुसरा, कारण यूटीसीचा नियम तिथेही लागू. आणखी एक: त्या सेशनचा सर्च पाथ (नावं कुठे शोधायची ती यादी) फक्त पीजी कॅटलॉगपुरता असतो. व्ह्यू आपलं एखादं फंक्शन वापरत असेल आणि त्या फंक्शनच्या आत टेबलाचं नाव स्कीमाशिवाय लिहिलं असेल, तर 'असं टेबल नाही' हे ऐकायची तयारी ठेवा.

मिनिटामिनिटाचा कच्चा डेटा कधीतरी लागतोच. फेच साइज, म्हणजे एका फेरीत येणाऱ्या ओळी, मुळात १०० असतो, म्हणजे वर्षाच्या ओळींसाठी ५,२५६ फेऱ्या. तो १०,००० केला की ५३ होतात. हा ऑप्शन सर्व्हरवर ठेवता येतो आणि टेबलावरही. मी फक्त त्या एका टेबलावर ठेवला आहे.

यावरून एक सल्ला, जो मला पटत नाही. एकाच मशीनच्या दोन सर्व्हर डेफिनिशन करा, एक हलक्या क्वेरींसाठी आणि एक जड कामासाठी, असं सुचवलं जातं. पोस्टग्रेसच्या लेखी मात्र ते दोन वेगळे सर्व्हर. दोन्हींवरच्या टेबलांचा जॉइन पायवर होत नाही, दोन्हीकडचा डेटा इकडे ओढला जातो. कनेक्शन वेगळं, पलीकडचं ट्रान्झॅक्शनही वेगळं, त्यामुळे एकाच क्वेरीत दोन वेगळ्या क्षणांचा डेटा दिसू शकतो. फेच साइज, रिमोट एस्टिमेट (खर्चाचा अंदाज पलीकडून घेणं) आणि अपडेटेबल (लिहायची मुभा) हे टेबलपातळीवरही बसतात, मग दुसरी डेफिनिशन कशाला? खर्चाचे दोन ऑप्शन मात्र फक्त सर्व्हरवरच असतात. त्यातला टपल कॉस्ट (एक ओळ आणण्याचा धरलेला खर्च) १७ व्या आवृत्तीत ०.०१ वरून ०.२ झाला आहे. आता प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) ओळी आणण्याचा खर्च जरा गंभीरपणे घेतो, म्हणून मी त्याला हात लावलेला नाही. फॉरेन टेबलांना ऑटोव्हॅक्यूम अ‍ॅनलाइझ करत नाही, ते आकडेवारी ताजी करायचं काम क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, टाकलं.

मराठी नावांचा पेच वेगळाच. पायवर पक्ष्यांच्या नावांचं एक छोटं टेबल आहे आणि तो डेटाबेस सी कोलेशनचा (कोलेशन म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम). सी कोलेशन युनिकोडच्या क्रमाने जातं. तिथे 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मधे येतो. म्हणजे 'काळा शराटी' आधी आणि 'कावळा' नंतर. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' च्या पुढे, त्यामुळे क्रम उलटा हवा. नुसतं ऑर्डर बाय लिहिलं की सॉर्टिंग पलीकडे जातं आणि सी च्या क्रमाने परत येतं. फॉरेन टेबलच्या कॉलमला इकडून मराठी आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) कोलेशन जाहीर करूनही भागत नाही, कारण पलीकडे पाठवलेल्या ऑर्डर बायमध्ये ते लिहिलंच जात नाही. पोस्टग्रेस गृहीत धरतं की तिकडेही तेच आहे. अशा चुकीच्या क्रमावर मर्ज जॉइन (दोन क्रमवार याद्या जुळवणं) झाला तर ओळी गळूही शकतात. ऑर्डर बायमध्येच कोलेट स्पष्ट लिहिलं की सॉर्टिंग इकडे होतं आणि कावळा आपल्या जागी बसतो. कायमचा इलाज म्हणजे पायवरच्या मूळ कॉलमलाच ते कोलेशन देणं. आयबीएमच्या डीबी२ डेटाबेसमध्ये कोलेटिंग सीक्वेन्स जुळतो की नाही हे सांगायला सर्व्हर डेफिनिशनमध्येच ऑप्शन असतो. ही एक गोष्ट मला तिकडची आवडते.

एसक्यूलाइटचं काम पटकन उरकलं. त्या रॅपरच्या सर्व्हर डेफिनिशनला फक्त डेटाबेस फाइलचा पाथ लागतो, युजर मॅपिंगची गरज नाही. फाइल पोस्टग्रेसच्या ओएस युजरला वाचता आली पाहिजे आणि होम फोल्डर सहसा त्याला बंद असतं. मी डिजिकॅमची फाइल कॉपी करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. चालू कॅटलॉगवर बाहेरून कोणाला सोडायचं नाही. फोटो काढल्याची तारीख 'इमेज इन्फर्मेशन' टेबलात मिळते, पक्ष्याचं नाव टॅग्जमध्ये.

आता राहिला पासवर्ड. युजर मॅपिंगमध्ये तो उघडा पडलेला असतो आणि सुपरयुजरला सरळ वाचता येतो. पोस्टग्रेस १८ मध्ये स्क्रॅम पासथ्रू आलं आहे (स्क्रॅम म्हणजे पासवर्ड न पाठवता ओळख पटवायची पद्धत), त्यात मॅपिंगमध्ये पासवर्ड ठेवावाच लागत नाही. मुख्य अट ही की त्या युजरचं स्क्रॅम सीक्रेट दोन्ही मशीनवर हुबेहूब एकच असावं. पुढच्या टप्प्यात मुख्य मशीन १८ वर नेणार. हा ऑप्शन सर्व्हरवरही बसतो आणि युजर मॅपिंगवरही. आधी फक्त माझ्या मॅपिंगवर लावून बघेन.