पंटरच तर होता!

मिनेसोटात राहायचं तर फुटबॉल टाळता येत नाही. थंडी आणि व्हायकिंग्ज हा इथला फुटबॉल संघ, हे दोन विषय निघाले नाहीत तर लिफ्टमधलं बोलणं तिसऱ्या मजल्यालाच संपतं. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन, लांबुडक्या चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा. भारतातल्या मंडळींना त्यात फारसा रस नाही हे ठाऊक असूनही मी हा किस्सा सांगतो आहे. २०१३ च्या मे महिन्यात इथल्या चाहत्यांचं एका खेळाडूवरून जे काही वाजलं, त्यातून मला हा समाज कळला तेवढा एरवी कधी कळला नसता.

खेळाडूचं नाव क्रिस क्लूवी. काम पंटरचं. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फुकट गेले की बहुतेक वेळा चौथ्याला पंटर मैदानात येतो. लाँग स्नॅपर पायांमधून चेंडू १५ यार्ड मागे फेकतो, पंटर तो झेलतो, हातातल्या हातात फिरवून शिवण वर आणतो, दोन पावलं टाकतो, चेंडू सोडतो आणि लाथ घालतो. सगळा मामला दोन-सव्वादोन सेकंदांचा. तेवढ्या वेळात समोरून दहा जण अंगावर धावून येत असतात. चेंडू हवेत साडेचार सेकंद राहिला, तर आपली माणसं खाली पोचून समोरच्याला जागच्या जागी लोळवतात. म्हणजे पंटर आला याचा अर्थ आपलं आक्रमण फसलं. त्याला पाहून टाळ्या वाजवणारा चाहता मी अजून पाहिलेला नाही. लोक तेवढ्यात बिअर आणायला उठतात.

क्लूवी मात्र लोकांना माहीत होता, आणि तो तोंडामुळे. गडी फटकळ. २०१० च्या डिसेंबरात बर्फाच्या ओझ्याने मेट्रोडोमचं छप्पर फाटलं आणि सामना विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर हलवावा लागला, तेव्हा ते मैदान सिमेंटसारखं टणक आणि धोकादायक आहे, असं त्याने ट्विटरवर बिनदिक्कत सांगून टाकलं. २०११ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्यात वाटाघाटी चालू असताना स्वतःच्या फायद्यासाठी अडून बसलेल्या बड्या खेळाडूंना त्याने नावं घेऊन झोडपलं. त्यांत पेटन मॅनिंगसारखा देव माणूसही सुटला नाही. रे गाय या जुन्या पंटरला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, घेत नाहीत म्हणून एका सामन्यात जर्सीवरच्या पट्टीवर 'व्होट रे गाय' लिहून उतरला आणि ५,२५० डॉलर दंड भरून मोकळा झाला. (रे गायला २०१४ मध्ये तो मान मिळाला, हे जाता जाता.)

इथवर चाहते हसत होते. २०१२ साली प्रकरण वेगळ्या वळणावर गेलं. लग्न म्हणजे फक्त स्त्री आणि पुरुष यांचंच, असं राज्याच्या घटनेत घालायचं का, यावर त्या नोव्हेंबरात मिनेसोटात मतदान होतं. तिकडे मेरिलँडमध्ये बाल्टिमोर रेव्हन्सच्या ब्रेंडन अयानबाडेजो या खेळाडूने समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला, म्हणून एमेट बर्न्स नावाच्या आमदाराने संघमालकाला पत्र लिहिलं की याला गप्प करा. क्लूवीने त्या आमदाराला डेडस्पिन या खेळविषयक संकेतस्थळावर जे उत्तर लिहिलं, ते इथे छापायची सोय नाही. शिव्या अस्सल, शैलीदार, आणि मधेमधे घटनेचा दाखला. ते पत्र देशभर फिरलं. मग हा पठ्ठ्या सभांना जाऊ लागला, मुलाखती देऊ लागला. व्हायकिंग्जचा जुना खेळाडू आणि सेंट पॉलचा भूमिपुत्र मॅट बर्क याने वर्तमानपत्रात उलट बाजूने लेख लिहिला, तर त्यालाही क्लूवीचं उत्तर गेलं. नोव्हेंबरात ती घटनादुरुस्ती मतदानात पडली. बाजूने ४७ टक्क्यांच्या आसपास मतं, विरोधात ५१ च्या वर.

एप्रिल २०१३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, व्हायकिंग्जनी पाचव्या फेरीत जेफ लॉक नावाचा पंटर उचलला. क्लूवी ज्या यूसीएलए विद्यापीठाचा, हाही तिथलाच. जनरल मॅनेजर रिक स्पिलमन म्हणाले, दोघांत स्पर्धा होईल. नवख्यांचं एक शनिवार-रविवारचं शिबिर झालं आणि ६ मे रोजी, सोमवारी, क्लूवीच्या हातात नारळ. आठ हंगाम खेळलेला माणूस, संघाच्या इतिहासात पंटची सर्वोत्तम सरासरी त्याच्या नावावर. तीन दिवसांनी मिनेसोटाच्या विधानसभेत समलिंगी विवाहाचा कायदा मंजूर झाला, १४ मे रोजी गव्हर्नर मार्क डेटन यांनी त्यावर सही केली. तारखा इतक्या शेजारी शेजारी पडल्या की कुणी काही म्हणायची गरजच उरली नाही.

पण लोक म्हणत होते. अर्थात मिनेसोटाच्या पद्धतीने.

इथला माणूस थेट बोलत नाही. 'इंटरेस्टिंग' म्हणाला की समजायचं, त्याला अजिबात पटलेलं नाही. त्यामुळे त्या आठवड्यात ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी जी चर्चा चालली, तिच्यात समलिंगी हा शब्द जवळजवळ आलाच नाही. चर्चा नेट यार्डांची. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधला एक गृहस्थ, पन्नाशीचा, जांभळ्या स्वेटरशिवाय शुक्रवारी न दिसणारा, याने व्हाइटबोर्डवर अक्षरशः मैदान काढून मला समजावलं. चेंडू किती लांब गेला हे ग्रॉस. समोरच्याने तो किती मागे आणला, हे त्यातून वजा केलं की नेट. क्लूवीचं गेल्या हंगामातलं ग्रॉस ४५. बरं आहे, पण लीगच्या अव्वल पंटरांत बसणारं नाही. पगार १४.५ लाख डॉलर. नवख्या पोराला ४ लाखांत काम भागतं. पगाराला मर्यादा असलेल्या लीगमध्ये एकतीस वर्षांच्या पंटरवर जास्तीचे १० लाख कोण घालवेल? वर आदल्याच वर्षाचा दाखला होता. २०१२ मध्ये सहाव्या फेरीत ब्लेअर वॉल्श नावाचा किकर (लाथेने गोल मारणारा) आणला, रायन लाँगवेलसारख्या अनुभवी माणसाला काढलं, आणि वॉल्शने त्या हंगामात ५० यार्डांच्या वरचे दहा गोल मारून विक्रम केला. "हिशेबच आहे तो," गृहस्थ म्हणाला आणि बोर्ड पुसला.

हिशेब चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण त्यातलं एक कलम त्याने वगळलं होतं. चेंडू उंच आणि कडेच्या रेषेकडे मारा, लांबी कमी झाली तरी चालेल, असं क्लूवीला प्रशिक्षकांनीच सांगितलेलं होतं. असा पंट मारला की ग्रॉस घटतं आणि परतीची धाव थांबते. सांगेल तसं काम करायचं आणि वर्षअखेरीला त्याच कामाचे आकडे कमी दिसतात म्हणून मूल्यमापनात मार खायचा, हा प्रकार ऑफिसात काम केलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागू नये.

दुसरा गट मोकळेपणाने चिडलेला. पंटरने पंट मारावा, बाकीचे उद्योग सांगितलेत कुणी? संघात ५३ जण, त्यात आठवड्याला चार-पाचदा मैदानात येणारा हा, आणि कॅमेरे मात्र याच्याभोवती. 'पंटरच तर होता!' हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या तोंडांतून ऐकलं की ते कुठे छापून वाटलंय की काय असं वाटावं. गंमत अशी की हेच वाक्य त्याच्या बाजूचे लोकही म्हणत. फक्त अर्थ वेगळा: पंटरच तर होता, त्याला ठेवला असता तर संघाचं काय बिघडत होतं?

तिसरा गट म्हणजे ज्यांनी आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता असे लोक. आमच्या विभागात एक बाई होत्या, त्यांची जोडीदारीणही बाईच, वीस वर्षं संसार. रविवारी सामना असला की या निवांत बागकाम करणाऱ्या. मंगळवारी त्या व्हायकिंग्जची पाच नंबरची जर्सी घालून कामावर आल्या. "आता मिळणार नाही म्हणून काल घेतली," एवढंच म्हणाल्या. जांभळ्या स्वेटरवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, जर्सीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग."

राज्याचे गव्हर्नर तेवढे सरळ बोलले. स्पर्धा होईल म्हणता, मग त्या पोराला एका वीकेंडपुरतं बघता आणि दुसऱ्याला काढता, हे काही बरं वाटत नाही, अशा अर्थाचं डेटन जाहीरपणे म्हणाले. गव्हर्नरने पंटरवर बोलावं का, यावर मग आणखी दोन दिवस. मला त्यात गैर दिसलं नाही. आदल्याच वर्षी व्हायकिंग्जच्या नव्या स्टेडियमला जनतेच्या खिशातून जवळपास ५० कोटी डॉलर द्यायचं ठरलं होतं. एवढे पैसे मोजणाऱ्यांनी पंटरची चौकशी केली तर बिघडलं कुठे?

आमची मराठी मंडळी काय म्हणत होती? आपण कुठेही गेलो तरी जे म्हणतो तेच. "नोकरी सांभाळून करावं जे करायचं ते." एका जेवणाच्या कार्यक्रमात पंक्ती उठल्यावर हा विषय निघाला, तर क्लूवीची मतं बहुतेकांना पटत होती, पण सहानुभूती फार नव्हती. एवढं बोलायची गरज काय होती? त्या घोळक्यातले निम्मे जण, मी धरून, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर होते. कंपनीने एक ईमेल पाठवला तर बायकापोरांसकट गाशा गुंडाळायचा, हे ज्याच्या उशाला असतं, त्याला क्लूवीचं वागणं शौर्य वाटण्याआधी चैन वाटतं. मला मात्र त्या रात्री राहून राहून वाटत होतं, की हा माणूसही आमच्याच जातीचा होता. ज्याच्या जागी उद्या दुसरा आणता येतो आणि गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, त्या जातीचा. असं असून तो बोलत होता.

कारण बदलता न येणाऱ्यांची गोष्टच निराळी. त्याच मे महिन्यात एड्रियन पीटरसनला रेडिओवर समलिंगी विवाहाबद्दल विचारलं. हा आदल्या हंगामात २,०९७ यार्ड धावून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. मला ते मान्य नाही, असं त्याने सांगून टाकलं. टीका झाली, पण 'संघाचं लक्ष विचलित होतं' हे पालुपद कुणी लावलं नाही. त्याचं मत कुठलं होतं याने काही फरक पडत नव्हता. उलटं असतं तरी तो खेळलाच असता.

क्लूवीला ओकलंडच्या संघाने घेतलं आणि हंगाम सुरू होण्याआधीच सोडलं. २०१४ च्या जानेवारीत त्याने मौन सोडलं (त्याचं मौन म्हणजे तरी किती!) आणि प्रशिक्षक माइक प्रीफर समलिंगींबद्दल अत्यंत हिंसक बोलले होते, असा आरोप केला. प्रीफरनी तो फेटाळला. व्हायकिंग्जनी बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली. जुलैमध्ये सारांश आला: तसं वाक्य बोललं गेलं होतं, प्रीफरना काही सामन्यांसाठी निलंबन, मात्र क्लूवीला काढलं ते खेळाच्या कारणावरून. क्लूवीने स्वतः ड्रेसिंग रूममध्ये केलेले काही गलिच्छ विनोदही त्यात आले, आणि ज्यांना हवे होते त्यांनी ते बरोबर उचलले. पुढे तडजोड झाली, संघाने समलिंगींसाठी काम करणाऱ्या संस्थांना पाच वर्षं देणग्या द्यायचं कबूल केलं.

व्हाइटबोर्डवाला म्हणाला, "बघ, खेळाच्या कारणावरून." बागकामवाल्या बाई म्हणाल्या, "बघ, बोलला होता ना तो." दोघांनी एकच अहवाल वाचलेला. बाईंनी तोवर लग्नही उरकलं होतं. कायदा १ ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला, त्या मध्यरात्री मिनियापोलिसच्या सिटी हॉलमध्ये महापौर रायबॅक स्वतः एकामागून एक लग्नं लावत होते. यांनी गर्दी नको म्हणून पुढची तारीख घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे असा कुणी क्रिकेटपटू बोलला का?" मी बराच आठवून पाहिला.

लॉक चार हंगाम खेळला. वाईट नव्हता, थोरही नव्हता. चाहत्यांच्या लक्षात राहिला तो वेगळ्याच गोष्टीमुळे. पंटरला आणखी एक काम असतं: किकर गोल मारताना चेंडू जमिनीवर धरायचा, शिवण पुढच्या बाजूला ठेवून. जानेवारी २०१६, सिएटलविरुद्ध बाद फेरीचा सामना, उणे २१ सेल्सिअस. व्हायकिंग्ज ९-१० ने मागे, घड्याळात २२ सेकंद, आणि फक्त २७ यार्डांवरून किक. शिवण किकरच्या बाजूला राहिली. वॉल्शने, म्हणजे त्या हिशेबातल्या स्वस्त आणि मस्त किकरने, चेंडू डावीकडे बाहेर घालवला. दोष माझा, असं वॉल्श स्वतः म्हणाला. आमच्या गृहस्थाला ते मान्य नव्हतं. सोमवारी त्याने बोर्डवर चेंडू काढला, शिवण काढली, बोटं काढली, आणि पाऊण तास चेंडू कसा धरावा हे शिकवलं. क्लूवी किती वर्षं धरायचा आणि कसा धरायचा, हेही त्यात आलं. बाई चहा घेत ऐकत होत्या. इंटरेस्टिंग, म्हणाल्या.

२०२५ च्या फेब्रुवारीत क्लूवीची बातमी पुन्हा आली. कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचच्या नगरपरिषदेत, ग्रंथालयावर लावायच्या एका राजकीय फलकाला विरोध करताना त्याला अटक झाली. तो तिथल्या शाळेत नववीच्या पोरांना फुटबॉल शिकवायचा, तेही काम थोड्याच दिवसांत गेलं. गृहस्थ आता निवृत्त झाला आहे, पण मेसेज करतो. त्याने बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "याला गप्प बसता येत नाही." मी विचारलं, या वेळी नेट किती होतं? अजून उत्तर आलेलं नाही.