खोक्यावरचा आठ

'कोंबड्यांची पिसं झडतायत, एखादं इंजेक्शन द्या,' म्हणून मला बोलावलं होतं. आठ तलंगा, नुकत्या अंड्यावर आलेल्या. पाळणाऱ्यांची ही पहिलीच खेप.

आधी पिसवा, गोचीड पाहिले, काही नाही. पण पिसं झडलेली नव्हती, उपटलेली होती. नेमकी शेपटीच्या बुडाशी आणि पाठीवर. एकीच्या गुदद्वाराजवळ तर चांगलीच जखम होती. अंडं घालताना तिथला तांबडा भाग क्षणभर बाहेर येतो आणि शेजारणीची चोच हाताच्या अंतरावर असेल तर ती टोचतेच. रक्त दिसलं की मग बाकीच्याही तुटून पडतात.

खुराडं तयार आणलेलं, दिसायला देखणं. खोक्यावर लिहिलं होतं, 'आठ कोंबड्यांसाठी'. मी वाकून दारातून आत डोकं घातलं तर अमोनियानं डोळ्यांत पाणी आलं. उभ्यानं हा वास कळत नाही. तो कोंबडीच्या उंचीवर जाऊनच घ्यावा लागतो. हवेला वाट फक्त खाली, दारापाशी. वर, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर जाळीची खिडकी हवी होती, तिथं फळी ठोकलेली.

मग इंजेक्शनऐवजी टेप काढली. मालक जरा नाराज झाले, हे मला दिसलं. जमीन पाच फूट बाय तीन, म्हणजे पंधरा चौरस फूट. मध्यम अंगाच्या कोंबडीला आत चार चौरस फूट आणि बाहेर जाळीच्या अंगणात आठ ते दहा, असा माझा हिशेब असतो. इथं आत धड दोनही येत नव्हते. दांडी एकच, पाच फुटी. कोंबडीमागे आठ-दहा इंच धरले तरी सहा, फार तर सात बसतील. आठवी कुठं झोपते? अंड्याच्या पेटीत. अंडी शिटेनं माखलेली का निघतात, हे कोडं तिथंच सुटलं. आणि ही आठवी म्हणजे तीच जखमी तलंग.

"पण रात्री झोपायलाच तर आत जातात," मालक म्हणाले.

"आणि पावसाची झड लागली की?"

"मग... दिवसभर आतच."

माप त्या दिवसाचं घ्यायचं. पिल्लं असताना याच खुराड्यात ती पळापळ करत होती, म्हणून कुणाला शंका आली नाही. खोक्यावरचा आकडा किती कोंबड्या आत मावतात ते सांगतो, त्या आत दिवस कसा काढतील ते नाही. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी तीन-चार कोंबड्या आणि सहांचं खुराडं सुचवतो, कारण पुढं दोन वाढतातच. (आजवर या बाबतीत संयम पाळलेला माणूस मला भेटलेला नाही.)

जखमेवर जांभळं औषध लावलं, म्हणजे तांबडं दिसायला नको. तिला जाळीपलीकडे वेगळं ठेवलं, पण बाकीच्यांना दिसेल असं. नाहीतर परत सोडताना कळप तिला परकी समजतो. खाण्याची भांडी दोन कोपऱ्यांत दोन, म्हणजे दांडगी एकाच वेळी दोन्हीकडे पहारा देऊ शकत नाही.

नवं खुराडं आठ बाय पाचचं करायचं ठरलं, दोन दांड्या आणि अंड्याच्या पेट्या दांडीपेक्षा खाली. जुनं मोडायला ते निघाले होते, पण मी थांबवलं. आजारी किंवा नव्यानं आणलेली कोंबडी काही दिवस वेगळी ठेवायला ते चांगलं आहे.