आडनावात अडकलेली क्लाउडची परीक्षा

आमच्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये भिंतीवर २००५च्या पुराची रेघ होती. नंतर दोनदा रंग दिला, पण रेघ तेवढी ठेवली. रॅक त्या रेघेच्या दोन फूट वर चढवून घेतला तो मीच, आणि त्याचा मला जरा तोराही होता. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी त्या दोन फुटांच्याही वर गेलं. चार दिवसांनी रॅक उघडला तर डिस्कच्या खोबणीत चिखल. बॅकअपची डिस्क? ती त्याच रॅकच्या खालच्या कप्प्यात.

तेव्हा चिपळुणात घरोघरी इतकं काही वाहून गेलं होतं की सर्व्हरबद्दल बोलायचीही लाज वाटायची. पुढे साहेबांनी ठरवलं की नवा सर्व्हर घ्यायचा नाही, क्लाउडवर जायचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीची मशीनं इंटरनेटवरून भाड्याने वापरायची. पंधरा वर्षं मी डिस्क बदलणं, यूपीएसच्या बॅटऱ्या बघणं, एएमसीवाल्याच्या (वार्षिक देखभालीचं कंत्राट घेणाऱ्याच्या) मागे लागणं आणि केबल क्रिंप करणं हेच केलं होतं. सर्व्हरच नाही तर सर्व्हरवाला कशाला, असं मला कोणी विचारलं नाही. मीच स्वतःला विचारत होतो.

शिकण्याचा भाग फार सांगण्यासारखा नाही. जेवण झाल्यावर रोज दोन तास, आठ महिने. सबनेट, राउटिंग, फायरवॉल हे नेटवर्कचं जुनं सगळं कामाला आलं, फक्त हातात केबल नाही. नवं होतं ते परवानग्यांचं: कोणाला काय उघडता येईल, काय पुसता येईल, हे एकेक ओळ लिहून ठरवायचं. इमारत, वीज, हार्डवेअर क्लाउड कंपनी सांभाळते. डेटा आणि त्याच्या किल्ल्या आपण सांभाळायच्या. हे न समजता 'क्लाउडवर टाकलंय, आता काळजी नाही' म्हणणारे मला अजून भेटतात. मुंबईत ॲमेझॉनच्या क्लाउडचं रीजन, म्हणजे डेटा सेंटरांचा समूह, २०१६ला आलं, त्यात तीन वेगवेगळे झोन आहेत; एक बंद पडला तरी दुसरा चालू राहावा म्हणून. हे वाचताना आमची तळकप्प्यातली बॅकअप डिस्क डोळ्यांसमोर आली.

आणि बिल! सरावासाठी एक नॅट गेटवे (आतल्या मशीनना इंटरनेटवर जायचं दार) उघडला आणि बंद करायला विसरलो. त्यातून एक बाइटही गेला नाही, तरी तो तासाच्या हिशोबाने पैसे खात बसला. मशीन थांबवली तरी तिला जोडलेल्या डिस्कचं भाडं चालूच राहतं, हेही मी बिल बघूनच शिकलो. बजेटचा अलर्ट पहिल्या दिवशी लावा.

आता हे काम येतं याचं प्रमाणपत्र देणारी परीक्षा. कोणत्या क्लाउडची ते मुद्दाम लिहीत नाही, परीक्षा घेणाऱ्या कंपनीचं नावही नाही. फी डॉलरमध्ये, माझे बारा हजारांच्या वर गेले. सेंटरवर जायचं तर कुंभार्ली घाट चढून पुणं गाठा, म्हणून घरूनच द्यायचं ठरवलं. माजघरातलं टेबल मोकळं केलं, कॅलेंडर उतरवलं, देव्हाऱ्यावर पडदा ओढला. खोलीचे चारही बाजूंनी फोटो पाठवले, आधारचा फोटो पाठवला आणि रांगेत बसलो. स्क्रीनवर आकडा: तुमच्या पुढे ११ जण. चाळीस मिनिटं. उठायचं नाही, फोन हातात घ्यायचा नाही. आई दारातून दोनदा म्हणाली, "च्या घेतोस काय रे?" मी नुसते डोळे वटारले.

शेवटी चॅटमध्ये निरीक्षक आला. त्याचं पहिलंच वाक्य: खात्यातलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळत नाही. तिसऱ्या वाक्याला परीक्षा रद्द.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. कागदावर आमचं कुळाचं आडनाव, आणि जगासाठी गावाचं नाव लावून 'कर'. शाळेचा दाखला, आधार, पॅन यांवर कुळाचं. ऑफिसचा ईमेल, व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका यांवर 'कर'. परीक्षेचं खातं मी ऑफिसच्या ईमेलवरून उघडलं होतं, आणि नाव आपसूक 'कर' पडलं. मला त्यात काही चुकीचं दिसलंच नाही. हाक मारली तर मी दोन्हीला ओ देतो.

खात्यातलं नाव आपलं आपल्याला बदलता येत नाही, कंपनीकडे तिकीट, म्हणजे ऑनलाइन विनंती, टाकावं लागतं. टाकलं. चार दिवसांनी उत्तर: नाव बदलल्याचा कायदेशीर पुरावा पाठवा, विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र. मी लिहिलं, नाव बदललेलंच नाही, दोन्ही माझीच. उत्तर दुसऱ्याच माणसाचं: नाव बदलल्याचा पुरावा पाठवा. मी आधार आणि पॅन दोन्ही जोडले. तिसऱ्या माणसाने आभार मानले आणि तिकीट बंद केलं. नवं तिकीट, नवा नंबर, पुन्हा पहिल्यापासून गाथा. एकदा तर वैतागून आडनावं, गावं, कुळं यांवर इंग्रजीत दीड पान निबंध लिहिला. त्याचं उत्तर दोन ओळींचं आलं. बायको म्हणाली, "राजपत्रात छापूनच घ्या एकदाचं." जन्मापासून असलेलं नाव राजपत्रात काय म्हणून छापायचं? तेही करायची तयारी झाली होती, खोटं कशाला बोलू.

तेवीस दिवस गेले. मग फॉर्म नीट वाचला. विषयाच्या यादीत 'नावात बदल' असं होतं, आणि बरंच खाली 'नावातली चूक दुरुस्त करणे'. मी दर वेळी वरचं निवडत होतो. खालचं निवडलं, एका ओळीत लिहिलं की खातं उघडताना आडनाव चुकीचं टाकलं, सोबत आधार. दुसऱ्या दिवशी दुपारी काम झालं. स्वतःच्या आडनावाला चूक म्हणावं लागलं ते सोडा. पहिली फी बुडाली ती बुडालीच.

दुसऱ्या वेळी दाराला आतून कडी. मध्येच लाइट गेली, पण राउटर आधीच इन्व्हर्टरवर घेतला होता. बरेच जण फक्त पंखा आणि ट्यूब त्यावर ठेवतात. निकाल ईमेलने आला, पास.

प्रमाणपत्राची प्रिंट काढून टेबलावर ठेवली होती. शेजारचे काका चष्मा सरसावून वाचू लागले. "अरे, हा कोण? तुमच्या ऑफिसात नवीन लागला काय?"

एक सांगायचं राहिलं. इंग्रजी आपली भाषा नाही म्हणून अर्धा तास जास्त मिळतो, पण तो परीक्षा बुक करण्याआधी मागावा लागतो. मला ते दुसऱ्या वेळीही बुकिंग झाल्यावरच कळलं.