डबा कोणाला?

"म्हणजे इथला बाबा मेला ना, मामा?"

तलावपाळीच्या कट्ट्यावर भेळ खाता खाता भाचीला विज्ञानकथा सांगत होतो. बाबा यंत्रात शिरतो, त्याचा कण न् कण मोजला जातो, मंगळावर हुबेहूब तसाच बाबा तयार होतो, इथला पुसला जातो.

"मेला कुठे? मंगळावर पोचला!"

(डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने १९८४ साली हाच पेच टाकला होता. पण आठ वर्षांच्या पोरीला काय पारफिट सांगणार!)

तिने शेंगदाणे वेचून खाल्ले. मग म्हणाली, "आणि यंत्र बिघडलं, इथला पुसलाच नाही गेला, तर आई डबा कोणाला देणार?"

भेळ संपली, तरी मला उत्तर सापडेना. घरी आल्यावरही तो डबा काही डोक्यातून जात नाहीये.

तुम्ही कोणाला दिला असता?