वरणात कालवलेली गोळी

गणपती आठ दिवसांवर आले होते. दादा दोन पेग मारून लालबागच्या खोलीवर आला आणि बसल्या बसल्या त्याचा चेहरा लालबुंद झाला. छाती धडधडू लागली, उलट्या थांबेनात. टॅक्सीत घालून त्याला परळला नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कुठली गोळी चालू आहे?" वहिनी रडतच माझ्याकडे वळली. "भाऊजी, मी रोज त्यांच्या वरणात कालवत होते."

ती डायसल्फिरामची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात ती गोळी होती. दारूचं यकृतात आधी अॅसिटाल्डिहाइड नावाचं विष होतं, मग एक विकर (एन्झाइम) ते निकामी करतं. ही गोळी त्या विकरालाच अडवते. विष रक्तात साठतं, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर जीवही जातो. गोळी थांबवल्यावरही असर 14 दिवसांपर्यंत राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांतली दारूसुद्धा पुरते.

वहिनीला मी दोष देत नाही. आठ वर्षं तिने काय सोसलंय ते मी पाहिलंय. पण ही गोळी माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करूनच द्यायची असते. दादाला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो प्यायला.

आता तो स्वतः दर मंगळवारी व्यसनमुक्तीच्या ओपीडीत जातो. वहिनी सोबत असते.